दमाचं माप

टाचणीबाईंकडे कपडे घेऊन येणारा माणूस पाच मजले चढून येई आणि मग घासाघीस करत नसे. तेवढा दमच त्याच्यात उरलेला नसे. इमारतीत लिफ्टसाठी जागा सोडलेली होती, पण त्या जागेत तळमजल्यावाल्यांनी दोन सायकली, एक मोडका पाळणा आणि एक टेबल अशा थाटात मांडलं होतं, की उद्या लिफ्ट आलीच असती तर तिलाच बाहेर उभं राहावं लागलं असतं.

बाईंना खरं नाव होतं, पण ओठांत चार टाचण्या धरून बोलायची सवय, त्यामुळे ते नाव कधीच मागे पडलं. वय सदुसष्ट. पँट आखूड करणं, कोट ढिला करणं, पडदे, गणवेश, आणि ऐन समारंभाच्या आदल्या दिवशी न चढणारा कपडा अंगावर चढवून देणं हा धंदा. सगळा कारभार एका खोलीत. जुनं दार आडवं टाकून केलेलं कापायचं टेबल, पायाने चालणारं मशीन, पुरुषभर उंचीचा आरसा आणि उत्तरेची मोठी खिडकी. त्या खिडकीच्या उजेडात काळ्या कापडावरचा काळा दोरासुद्धा दिसे. तसा उजेड शहरात दुसरीकडे कुठे नाही, असं बाईंचं ठाम मत होतं आणि ते तपासून बघायची त्यांची अजिबात इच्छा नव्हती.

आणि एक स्टूल. नवीन गिऱ्हाईक दारात आलं की बाई त्याला आधी स्टुलावर बसवत, पाणी देत आणि गळ्यात टेप अडकवून गप्प उभ्या राहत. धापा टाकणाऱ्या छातीचं माप घ्यायचं नसतं. इंचभर जास्त येतं आणि मग कोट पोत्यासारखा लोंबतो. तीस वर्षं बाई लोकांचा श्वास जागेवर यायची वाट बघत आल्या होत्या, त्यामुळे त्यांना माणूस कळायला लागला होता. दंडाच्या बेडक्या दाखवत आलेला पंचविशीचा गडी सात मिनिटं स्टूल सोडत नसे, आणि साठीला आलेली पोस्टमनबाई "बसायला वेळ नाही हो" म्हणत उभ्या उभ्या माप देऊन जाई. ज्यांचा दम लवकर परत येई, त्यांच्या शिवणीत बाई जास्त कापड सोडत. पुढेमागे कपडा ढिला करायला यायचे म्हणून. ज्यांचा येत नसे, त्यांच्यावर कापड वाया घालवत नसत.

या स्टुलाला एकाच माणसाने फसवलं होतं. बाईंच्या नवऱ्याने.

ते छापखान्यात होते. संध्याकाळी घरी येत ते कसे ताजेतवाने, जणू कुणी उचलून आणून ठेवलंय. बाई म्हणत, "बघा, याला म्हणतात काटक माणूस." काटक माणूस तिसऱ्या मजल्याच्या वळणावर रोज पाच मिनिटं थांबत होता हे त्यांना माहीत होतं, पण तिथे भिंतीवर पाण्याची टाकी धुण्याबद्दलची नोटीस होती आणि नवरा ती वाचत असे. छापलेलं काहीही दिसलं की वाचायचं, ही त्यांची खोडच होती. मुलगा चेष्टा करी, "बाबा, पाठ झाली का नोटीस? म्हणून दाखवा." तेही हसत. दोन वर्षं त्या नोटिशीचा एवढा अभ्यास चालला होता, तरी कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मग एका सकाळी ते तिच्याखालीच बसले ते उठलेच नाहीत.

त्याला तीन वर्षं झाली होती.

*

मुलाला बाई "आमचे चिरंजीव" म्हणत, आणि अलीकडे चिरंजीवांनी हा शब्द फारच मनावर घेतला होता. ते पहाटे धावत. मनगटावर असं घड्याळ बांधत, जे वेळ सोडून बाकी सगळं सांगे. किती पावलं झाली, किती झोप झाली, हृदय काय म्हणतंय. मध्येच ते थरथरे आणि चिरंजीव बोलता बोलता उठून उभे राहत, कारण घड्याळाने सांगितलं असे, "उठा."

दर रविवारी ते आईला भेटायला येत. येत म्हणजे इमारतीखाली येत. तिथून फोन करत, "आई, खाली ये." मग दोघं समोरच्या बागेतल्या बाकावर बसत. वर न येण्याची कारणं बदलती असत. गाडी लावायला जागा नाही, पोटरी भरलीय, पुढच्या आठवड्यात शर्यत आहे. एकवीस किलोमीटर धावणाऱ्या माणसाला पाच मजले नकोत, यावर बाई कधी काही बोलल्या नाहीत. त्यांनी खिडकीतून दोरीला टोपली बांधून ठेवली होती. चिरंजीवांचे उसवलेले शर्ट तिच्यातून वर जात आणि शिवून खाली येत.

त्या रविवारी चिरंजीव बाकावर बसले आणि त्यांनी घसा खाकरला.

"आई, तू आता आमच्याकडे ये. खालची खोली रिकामी केलीय."

"कुठल्या बाजूची?"

"गॅरेजकडची."

"म्हणजे खिडकीतून गाडीचं बूड दिसणार."

"आई, उजेडाचं नको सुरू करूस. पाच मजले. या वयात."

"मजले माझ्या वयाबरोबर वाढले नाहीत. पाचच आहेत अजून."

"तुला दम लागत असेल आणि कळतही नसेल."

"मला कळणार नाही? मी लोकांच्या दमावर पोट भरते."

चिरंजीवांनी घड्याळावर बोट फिरवलं. मग म्हणाले, "ठीक. मग मोजू या."

आणि त्यांनी समजावून सांगितलं. एक चाचणी असते. तोंडावर मास्क लावून फिरत्या पट्ट्यावर चालायचं, पट्टा हळूहळू चढा होत जातो, आणि शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते मशीन सांगतं. मिनिटाला, वजनाच्या किलोमागे इतके मिलिलिटर. रक्तदाब, साखर वगैरे ठीक आहे, पण माणूस किती टिकेल याचा अंदाज या आकड्यावरून जितका येतो तितका फार थोड्या गोष्टींवरून येतो. आणि म्हातारपणी आपलं आपण करायचं असेल तर साधारण अठरा तरी लागतात, असं त्यांनी वाचलं होतं.

"अठराच्या खाली आला, तर महिनाअखेर तू आमच्याकडे."

"आणि वर आला तर?"

"तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

"तेवढ्याने नाही भागायचं," बाई म्हणाल्या. "वर आला तर दर रविवारी जेवायला वर यायचं. टोपली बंद."

चिरंजीवांचं घड्याळ थरथरलं. ते उठले नाहीत. मग म्हणाले, "बरं."

*

चाचणीची जागा तळमजल्यावर होती. दम मोजायच्या ठिकाणी दम लागू नये अशी चांगली सोय. चिरंजीवांनी फोनवर आईचा फॉर्म भरून टाकला होता. हृदयविकार, नाही. दमा, नाही. कृत्रिम दात, नाही. गुडघ्याची शस्त्रक्रिया, नाही. आईबद्दल आपल्याला सगळं माहीत आहे अशा खात्रीने त्यांनी खटाखट 'नाही' दाबलं होतं.

नातेवाइकांना आत सोडत नव्हते. बाई एकट्याच आत गेल्या. भिंतीवर पाटी होती : 'दागिने, चष्मा व अंगावरील काढता येण्यासारख्या सर्व वस्तू ट्रेमध्ये काढून ठेवाव्यात.' बाईंना लेखी सूचनेचा आदर होता. त्यांनी अंगठी काढली, चष्मा काढला, केसातल्या पिना काढल्या, गळ्यातली टेप काढली. मग दाराकडे एक नजर टाकली आणि वरचे-खालचे दातही काढून रुमालात गुंडाळून ठेवले.

हे दात म्हणजे बाईंचं मोठं गुपित होतं. नवरा गेल्यावर वर्षभरात एकेक करत सगळे पडले होते. ही गोष्ट दोघांनाच माहीत होती, दाताच्या डॉक्टरांना आणि चौथ्या मजल्यावरच्या मैत्रिणीला, जिला बाई 'चौथी' म्हणत. बाकी जगासाठी टाचणीबाईंचे दात टाचण्यांइतकेच टणक होते.

तेवढ्यात मशीनवाले आले. हे गृहस्थ दिवसभर लोकांना पळवत आणि स्वतः खुर्चीवरून उठताना "अगं आई गं" म्हणत. एका हातात मास्क, दुसऱ्या हातात बिस्किट.

"या मावशी. मुळीच घाबरायचं नाही."

मावशींनी ओठ घट्ट मिटले आणि मान डोलावली. दात नसताना परक्या पुरुषाशी बोलणं त्यांना जमणारं नव्हतं.

मशीनवाल्यांनी त्यांच्या छातीवर चिकटपट्ट्या लावल्या, मास्क चढवला, मागून पट्टे ओढले. खरं तर आता मास्कच्या तोंडावर तळहात दाबून धरायचा असतो आणि माणसाला फुंकायला सांगायचं असतं. कडेने हवा निसटत नाही ना, हे बघायला. पण तळहातावर बिस्किट होतं.

"हवा कुठून जात नाही ना, मावशी?"

डाव्या कानाशी गार झुळूक लागत होती. पण सांगायचं तर तोंड उघडावं लागणार. बाईंनी मानेनेच 'नाही' म्हटलं.

"थांबायचं झालं तर हात वर करायचा. असा."

पट्टा सुरू झाला. आधी बाजारात निघाल्यासारखा, मग बस चुकत असल्यासारखा, मग पट्टा चढा झाला आणि बाईंना ओळखीचं वाटायला लागलं. पहिला मजला. दुसरा. तिसऱ्यावर त्यांना नेहमीसारखं कसंतरी झालं, पण तिथे त्या कधीच थांबत नसत, आजही थांबल्या नाहीत. पाचवा होऊन गेला, तरी पट्टा चढतोच आहे. सातव्या मजल्याच्या आसपास, जो त्यांच्या इमारतीला नव्हताच, त्यांनी हात वर केला.

कागद बाहेर आला. मशीनवाल्यांनी भुवया उंचावल्या. "अकरा पूर्णांक सहा."

बाहेर चिरंजीवांनी कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मग मात्र ते चिरंजीवांसारखे वागेनात. दाराचा उंबरठा ओलांडताना त्यांनी आईच्या पाठीला हात लावला. रस्ता ओलांडताना कोपर धरलं. गाडीचं दार उघडून दिलं, पट्टा लावून दिला. बाईंना वाटलं आता हा मला कडेवर घेतो की काय. त्यांनी रुमाल तोंडाशी धरला, दात बसवले आणि म्हणाल्या, "मेले नाहीये मी अजून."

"अकरा, आई." त्याचा आवाज भलताच बारीक झाला होता. "अकरावर माणूस खुर्चीतून उठला तरी थकतो."

"मी एवढा वेळ चालले की!"

"मशीन खोटं बोलत नाही."

"आणि मी बोलते?"

त्याने गाडी सुरू केली. इमारतीपाशी आला तेव्हा म्हणाला, "महिनाअखेर टेम्पो सांगतो." आणि खालूनच निघून गेला.

*

बाई पाच मजले चढल्या. अकरा पूर्णांक सहा आकड्याची बाई जशी चढेल तशी हळूहळू चढायचा प्रयत्न केला, पण दुसऱ्या मजल्यावर विसरल्या.

खोलीत मशीनवर एक अर्धवट कोट पडला होता. बाई आरशासमोर उभ्या राहिल्या, खोली सोडून जाणारी बाई कशी दिसते ते बघायला. आणि त्यांना उजव्या गालावर मास्कची खूण दिसली. लाल, नाकावरून गालावरून हनुवटीखाली गेलेली. म्हातारी कातडी खूण लवकर सोडत नाही. त्यांनी मान वळवली. डाव्या गालावर खूण वरच्या हाडापर्यंत होती, आणि तिथून खाली काहीच नाही.

बाई खिडकीच्या उजेडात आल्या. चष्मा लावून पुन्हा पाहिलं.

तीस वर्षं त्या लोकांच्या अंगावरच्या खुणा वाचत होत्या. कमरेवरचा वळ पाहून पँट कुठे काचते ते सांगत. जिथे वळ आहे तिथे कापड घट्ट. जिथे काहीच नाही तिथे कापड अंगाला टेकलेलंच नाही. त्यांनी दात काढले. डावा गाल पिशवीसारखा आत गेला. दात घातले, गाल भरला. पुन्हा काढले. पुन्हा घातले.

"फिटिंग चुकलंय मेल्याचं," बाई मोठ्यांदा म्हणाल्या. "मी इकडे श्वास सोडतेय आणि तो तिकडून निघून चाललाय. मशीन बिचारं मोजणार तरी काय?"

त्या तडक एक मजला उतरल्या. चौथीने सगळं ऐकून घेतलं.

"मग सांग की त्याला. परत मोजा म्हणावं."

"सांगू काय? की माझे दात काढून ठेवले होते? त्याला वाटतं माझे आहेत ते."

"तुझेच आहेत. घेतलेस ना तू?"

"चेष्टा नको गं. आपल्या आईला बोळकं आहे, असं कुठल्या मुलाला बघायचं असतं?"

"आणि आपली आई अकरावर आलीय असं बघायचं असतं का?" चौथी म्हणाली. "एक तर दात दाखव, नाहीतर गाडीचं बूड बघत बस जन्मभर. मला काय, वरच्या मजल्यावर कुणीतरी गोंगाट न करणारं येईल."

बाई ताडकन उठल्या आणि वर जाऊन त्यांनी फोन लावला.

*

दुसऱ्या वेळी बाईंनी चिरंजीवांना आत घेतलं. मशीनवाले म्हणाले, नातेवाइकांना परवानगी नाही. बाई म्हणाल्या, "तो नातेवाईक नाही, साक्षीदार आहे."

मग त्यांनी मुलाकडे पाठ केली, दात काढले, आणि पुन्हा त्याच्याकडे वळल्या. रुमाल त्याच्या हातात दिला.

"धर."

तो बघत राहिला. एकदा रुमालाकडे, एकदा आईच्या तोंडाकडे. तोंड पार आत गेलं होतं आणि आई एकदम आजीसारखी दिसत होती.

"लावा मास्क," बाई मशीनवाल्यांना म्हणाल्या. ते 'लावा माफ्क' असं ऐकू आलं, पण आता लाज सोडलीच होती तर पुरतीच सोडलेली बरी. "आणि दाबा हात. दोन्ही हात मोकळे आहेत ना आज?"

मशीनवाल्यांनी तळहात दाबला. बाईंनी फुंकर मारली. डाव्या गालापाशी सुर्र करून अशी शिट्टी वाजली, की बाहेरच्या बाकावरचा माणूस आत डोकावला. मग बाईंनी दात बसवले, मास्कचा डावा पट्टा स्वतःच्या हाताने अर्धा इंच आत घेतला, आणि पुन्हा फुंकर मारली. आवाज नाही. नुसते डोळे मोठे झाले.

"मला शंका होतीच," मशीनवाले म्हणाले.

"होती तर गिळलीत कशाला? बिस्किटाबरोबर?"

मुलाच्या हातात रिकामा रुमाल होता. "कधी झालं हे?"

"तुझे बाबा गेले त्या वर्षी."

"मला सांगितलं नाहीस."

"रात्री मशीनशेजारी ग्लासात ठेवलेले असतात," बाई मास्कमधून म्हणाल्या. "वर आला असतास तर दिसले असते."

मशीनवाल्यांना एकाएकी एक वायर तपासायची आठवण झाली. मुलगा रुमालाच्या घड्या घालत राहिला. चार घड्या, आठ घड्या.

पट्टा सुरू झाला. या वेळी झुळूक नव्हती. बाई चढत गेल्या. पाचवा मजला, सहावा. त्यांना दम लागला, चांगला सडकून लागला, आणि त्यांनी हात वर केला तेव्हा त्या आठव्यावर होत्या.

तेवीस पूर्णांक एक.

"या वयाला चांगलं आहे," मशीनवाले म्हणाले. "फार ग्रेट नाही, पण चांगलं."

"म्हणजे किती वर्षं?" मुलाने विचारलं.

"तसं नसतं साहेब. ज्यांचा आकडा चांगला, ते एकूणात जास्त जगतात. शंभर जणांचं सांगता येतं, एकाचं नाही. कोण कधी जाणार ते मशीन सांगायला लागलं, तर इथे पेशंटपेक्षा वारसांची रांग लागेल."

बाई तिथल्या स्टुलावर बसल्या होत्या. चार मिनिटांत त्यांचा श्वास जागेवर आला. त्यांनी घड्याळ न बघता मोजलं, आणि मग मुलाकडे बघून म्हणाल्या, "रविवारी बारा वाजता."

*

रविवारी बाई खाली उतरून उभ्या होत्या. त्यांनी टोपली दोरीसकट काढून टाकली होती. मुलगा आला, धावायचे बूट घालून. लिफ्टच्या जागेतल्या सायकलींकडे त्याने उगाचच बराच वेळ पाहिलं.

"चल," बाई म्हणाल्या.

पहिला मजला तो दोन-दोन पायऱ्या टाकत चढला. दुसरा एकेक पायरीने. तिसऱ्याच्या वळणावर पाय थांबले. नोटीस तिथेच होती. पिवळी पडलेली, एक कोपरा फाटलेला. टाकी कुठल्याशा शुक्रवारी धुतली जाणार होती आणि रहिवाशांनी सहकार्य करायचं होतं.

मुलाचं घड्याळ थरथरायला लागलं. एकदा, दोनदा, मग थांबेचना. एकवीस किलोमीटर धावणारा तो माणूस भिंतीला हात टेकून उभा होता आणि त्याची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. या छातीचं माप आत्ता घेतलं, तर निदान दीड इंच जास्त येईल, असं बाईंना वाटलं.

"मी हसायचो त्यांना," तो म्हणाला. "पाठ झाली का म्हणायचो."

"मी काटक म्हणायचे," बाई म्हणाल्या. "माझ्या तर हातात टेप होती."

त्याने हात वर केला. मशीनवाल्यांनी शिकवला होता तसा.

बाईंनी त्याचं मनगट धरलं, घड्याळ सोडवलं आणि खिशात टाकलं. मग त्या पायरीवर बसल्या आणि शेजारची जागा हाताने झाडली. तो बसला. बाई टेपचं टोक बोटाला गुंडाळत गप्प राहिल्या. घाई नव्हती. श्वास जागेवर यायला लागतो तेवढा वेळ लागतोच.

वरून दार उघडल्याचा आवाज आला. कठड्यावरून चौथी डोकावली.

"कोण गं ते? कुणाला दम लागलाय?"

"कुणाला नाही," बाई म्हणाल्या. "नोटीस वाचतोय तो."